पत्र्याला सारवता येत नाही

नागपूर, मार्च १९७९

तीर्थस्वरूप मधुकरमामांना, आणि त्यांच्याआधी हे पत्र फोडून वाचणाऱ्या वच्छलामामींना, लतिकाचा नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. मामांचा गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या भेटीत स्पष्ट झाले नव्हते, कळवावे. (दोन्हींची कारणे वेगळी असतात.) आईने तुमच्यासाठी लोणच्याची बरणी भरून ठेवली आहे. कामठी इतकी जवळ असताना बसने न येता मी पत्र का लिहिते आहे, असे तुम्हाला वाटेल. त्याला कारण आहे. ते योग्य ठिकाणी येईल.

मी विमा सर्व्हेयरच्या परवान्यासाठी अर्ज करते आहे, हे आईने तुम्हाला सांगितलेच असेल. (ती लोकांना ‘जळलेलं बघायला जाते’ असे सांगते. हे अपुरे असले तरी चूक नाही.) कुठे आग लागली, यंत्र मोडले, की विमा कंपनी सर्व्हेयरला पाठवते आणि त्याने खरे नुकसान किती ते ठरवायचे. अर्ज या महिन्यात दिल्लीला जायला हवा, आणि त्याला माझे वरिष्ठ मनोहरराव यांचा अनुभवाचा दाखला जोडायचा आहे. सर म्हणाले, एक पाहणी पूर्णपणे एकटीने कर, अहवाल चोख असला की सही करतो. काटोलला संत्र्यांच्या गोदामाला आग लागली होती. सर स्वतः आले नाहीत. काटोलची हवा त्यांना मानवत नाही, असे ते म्हणाले. मला तो माझ्यावरचा विश्वास वाटला.

गोदाम रुपराव नावाच्या व्यापाऱ्याचे, त्यांच्या घराला लागूनच. मी टेप, वही, कॅमेरा घेऊन उतरले, तर गोदामाच्या दारात रांगोळी. आत जमीन शेणाने सारवलेली, भिंतींना ताजा चुना, कोपऱ्यात उदबत्ती. जळके असे काही नाही. मी पत्ता पुन्हा तपासला. रुपराव म्हणाले, हेच ते, सारं जळालं बाई. मी विचारले, जळालेले कुठे आहे? तेवढ्यात त्यांच्या आई अंजनाबाई पुढे आल्या. ‘अवं, तू येऊन राहिली म्हणून तार आली ना! बाईमाणूस पाहुणी येते अन् घरात राखुंडा? काय म्हणतीन लोकं!’ दोन दिवस घरातल्या सगळ्या बायका राबल्या होत्या. जळलेल्या पेट्या चुलीत, राख शेतात, आणि उरलेली संत्री ढोरांना. पुरुष सर्व्हेयर आला असता तर कोणी सारवले नसते. म्हणजे पुरावा नष्ट होण्याचे कारण मी. हे अहवालात कोणत्या शीर्षकाखाली लिहायचे, ते मला अजून कळलेले नाही.

मग मी छपराकडे पाहिले. पत्र्याला सारवता येत नाही. शिडी मागवून वर चढले. (खालून अंजनाबाई: ‘उतर वं पोरी! लग्न व्हायचं आहे अजून!’) दाराकडच्या एक तृतीयांश भागातल्या पत्र्यांचा जस्ताचा थर जळून गेला होता आणि ते वाकले होते. बाकीचे फक्त काजळलेले. म्हणजे जाळ तेवढ्यातच होता. सारे जळाले नव्हते. इथपर्यंत मला सगळे स्पष्ट होते.

खाली उतरल्यावर मला स्वयंपाकघरात बसवले आणि सोललेले संत्रे हातात दिले. सर्व्हेयरने काही घेऊ नये असा नियम आहे, पण फोड तोंडात गेल्यावर आठवला. त्या फोडीला धुराचा वास होता. म्हणजे जाळ पोचला नाही तिथलाही माल धुराने गेला होता आणि रुपराव अगदीच खोटे बोलत नव्हते. गोदामातले उरलेले ते शेवटचे संत्रे होते, असे अंजनाबाई म्हणाल्या. मालाचा एकुलता एक पुरावा मी खाल्ला होता.

तोवर अंजनाबाईंनी मला विचारायला सुरुवात केली. गाव कोणतं? आजोळ? मामा कोणता? मी प्रत्येक प्रश्नाचे अचूक उत्तर दिले. हीच चूक झाली. ‘कामठीचा मधुकर? वच्छलाचा नवरा? अवं, वच्छलाची मावसबहीण प्रेमिला आमच्याच घरात दिली, रुपरावच्या चुलतभावाले! मंग तू परकी काहून? आता पुरे पैसे लिहिजो, घरचंच काम आहे.’ मी बसमध्ये आकृती काढून नाते तपासले. आकृतीत चूक सापडली नाही.

अहवालाच्या शेवटी एक वाक्य छापलेले असते: विमेदाराशी माझा कोणताही नातेसंबंध नाही. त्याखाली सही करायची. सही केली तर कदाचित खोटे, नाही केली तर अहवाल बाद, अहवाल बाद तर दाखला नाही, आणि दाखला नाही तर परवानाही नाही. कोणते नाते कुठे संपते, हे शिकवणारा विषय आमच्या कॉलेजात नव्हता.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याचे कळवावे.

तुमची भाची,
लतिका

ता. क. कारण असे की उत्तर लेखी हवे आहे. काटोलच्या रुपरावांशी आपले नाते नाही, एवढे दोन ओळींत लिहून पाठवावे. खोटे लिहू नका. पण प्रेमिलाताई कोणाकडे दिल्या ते आठवत नाही, असे लिहिले तरी चालेल.

ता. क. २. पत्र टाकायचे राहिले, ते बरे झाले. मला राहवले नाही. जाळ किती, धूर किती, जसे दिसले तसे लिहिले, छापलेल्या वाक्यावर काट मारली, नात्याची आकृती जोडली आणि अहवाल सरांना दिला. खाल्लेल्या संत्र्याचाही उल्लेख केला. सरांनी आकृतीवरून बोट फिरवले. मग म्हणाले, ‘ही रुपरावांची रेघ जरा उजवीकडे वाढव. त्यांची बायको माझी मेहुणी आहे. मी कसा जाणार? म्हणून तर तुला पाठवलं, तू बाहेरची म्हणून.’ मी रेघ वाढवली. त्या आकृतीनुसार सर आता माझेही कोणीतरी लागतात. म्हणजे त्यांचा दाखला हा नातेवाइकाने दिलेला दाखला होतो.

तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. त्याऐवजी, आपले कोणीही लागत नाही असा एखादा सर्व्हेयर तुमच्या ओळखीत असल्यास ताबडतोब कळवावे. मामींना विचारू नये. त्या नाते काढतील.