माणिकप्पा मास्तरांच्या कार्डातला शब्द

तेर, १२ मे १९५९

चि. नारायणास शारदाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

दोन महिने झाले, भूमहून वनमालेची ओळ नाही. आज तिच्या शेजारच्या माणिकप्पा मास्तरांचं कार्ड आलं, तेही इंग्रजीत. कंपाउंडरकडून वाचून घेतलं. जावई ‘कॉलरिक’ आहेत, मुलीला ताबडतोब न्या, एवढंच लिहिलंय. कॉलरिक म्हणजे कॉलरा, पटकीच, असं तो म्हणाला. पोर त्याच घरातलं पाणी पीत असेल रे! डॉक्टर घेऊन तसाच भूमला जा. पत्र नि कार्ड एसटीच्या कंडक्टरजवळ देते. हे गेल्यावर मला तुझ्याशिवाय कोण आहे?

तुझी अक्का

धाराशिव, १३ मे १९५९

ती. अक्कांस नारायणाचा शि. सा. न. वि. वि.

अंबादासरावांना पटकी झालेली नाही. कॉलरिक म्हणजे तापट, भडक डोक्याचा. ग्रीक भाषेत पित्ताला ‘खोले’ म्हणत. अंगात पित्त वाढलं की माणूस संतापी होतो, अशी तिकडच्या जुन्या वैद्यांची समजूत. आपणही पित्त खवळलं म्हणतोच की. कॉलरा हे नावही त्याच घराण्यातलं, म्हणून कंपाउंडर फसला.

मला हसू आलं. मग कार्ड पुन्हा वाचलं आणि हसू मावळलं. अंबादासराव उर्दूत शिकलेले. उघडं कार्ड त्यांच्या हाती पडलं तरी वाचता येऊ नये म्हणूनच मास्तरांनी इंग्रजीत लिहिलं असणार. नुसत्या तापट जावयापायी कुणी मुलीला न्या म्हणत नाही. अक्का, डॉक्टर नको. मी आत्ताच निघतो.

आपला नारायण

धाराशिव, १६ मे १९५९

ती. गं. भा. आईस वनमालेचा शि. सा. न.

मी मामांकडं पोचले. मामा आले तेव्हा मी दळत होते. हातावरचे वळ पदराखाली घेतले, पण त्यांनी पाहिले. फक्त चल म्हणाले. हे दार अडवून उभे राहिले. तेव्हा माणिकप्पाकाका मधे आले. म्हातारा माणूस, लई थरथरत होता, पण हलला नाही. गल्ली जमली, तेव्हा हे बाजूला झाले. एसटीत प्रत्येक थांब्याला वाटायचं, आता हेच चढतील.

आज सासरे आले होते. झालं गेलं विसरा, चार दिवसांनी पाठवा, म्हणाले. मामांनी, तुला जायचं आहे का, असं मलाच विचारलं. आई, मी नाही म्हणाले. सासऱ्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाले.

माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझी वनमाला