अकरा चाळीसचं उत्तर

दादा, नमस्कार.

१. सोमवारी अकरा ते एक माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती.
२. अकरा चाळीसला, प्रकल्पासाठी माझी निवड झाल्याचं कळवणाऱ्या संशोधन केंद्राच्या मॅडमना माझ्या ई-मेलवरून उत्तर गेलं: 'घरच्या अडचणीमुळे प्रकल्पाला येऊ शकत नाही.'
३. पासवर्ड फक्त आपल्या दोघांना माहीत होता.

माझी परीक्षा घेणारे लॅबचे सर त्या उत्तराची वेळ पाहून म्हणाले, "तुझे मेल काय भूत लिहितं का गं?" मी हसले. तुझं नाव घेतलं नाही.

ई-मेल मला तूच शिकवलंस, सायबर कॅफेत एका खुर्चीवर दोघं बसून. "पासवर्ड आईलासुद्धा सांगायचा नाही, वेडे," असं बजावलंस. तू ठरवून दिलेला म्हणून मी तो कधी बदलला नाही. काल बदलला.

माझी तब्येत बरी आहे, पेपर चांगले गेले. आईचा गुडघा कसा आहे? तिला यातलं काही सांगू नकोस.

बाबांनी सांगितलं म्हणून लिहिलंस, की मी आणखी लांब जाऊ नये असं तुलाच वाटलं?

मॅडमनी जागा वीस तारखेपर्यंत राखली आहे. घरची काही अडचण नाही, हे त्यांना घरच्यांकडून लेखी हवं आहे. तेवढं तुझ्या सहीने लिही आणि अठरा तारखेपर्यंत मला मिळेल असं पाठव.

तुझी,
धाकटी