घ चा च

अप्पा, घरात पिल्लू आलंय आणि तुमच्या नियमानं ते झ चं आहे. आठ दिवस झाले, अजून बिननावाचंच हिंडतंय. आपल्याकडे मासे घेऊन येते त्या बाईनं पाटीत कोलंबीच्या बाजूला फडक्यात गुंडाळून आणलं, पडवीत ठेवलं आणि म्हणाली, "घे गो बाय, बंदरावर कावळे टोचत होते मेल्याला. चार दिवस दूधभात घाल, मग तोच तुला राखील." तांबूस आहे, एक कान उभा, एक पडलेला. आधीचा जग्या गेल्यापासून अंगण ओकं वाटत होतं, म्हणून मी नाही म्हटलं नाही. आपल्या घरची रीत सगळ्या आळीला ठाऊक, त्यामुळे जो येतो तो नाव सुचवून जातो. झिपरू म्हणा, झेंडू म्हणा. परवा एकानं झुरळ्या म्हणूनही सुचवलं. मी हसते आणि विषय बदलते.

रीत तुमचीच. शाळेत पोरांकडून मुळाक्षरं घोटून घेता घेता तुम्ही घरच्या कुत्र्यांनाही ओळीत बसवलंत. माझ्या जन्माआधी काळू, मग खंड्या, मला कळायला लागलं तेव्हा गोट्या. एक अक्षर एकदाच आणि मधलं गाळायचं नाही, हा कायदा. मी मागीलदारी बसून विचारते, "अप्पा, ङ चं कुत्रं आलं तर?" तुम्ही नारळ सोलताय, मान वर न करता म्हणता, "त्याला नुसतं ये म्हणायचं. नाव नाही म्हणून भात चुकत नाही कुणाचा." मला ते फार आवडलं होतं. तुम्ही घरात थट्टा करायचात ती एवढीच, म्हणून लक्षात राहिली असेल.

मग तुमची बदली केळशीला झाली. तेव्हा केळशी म्हणजे परदेशच. एसटी बदलत, मध्ये खाडी होडीनं ओलांडत यायचं. गणपती, दिवाळी, शिमगा, एवढ्यालाच तुम्ही दिसायचात. बाकी शनिवारी पत्र यायचं, शाळेचं काम आहे, जमत नाही. तरी आई दर शनिवारी शेवटची एसटी फाट्यावरून पुढं गेल्याचं ऐकल्याशिवाय तुमचं पान उचलायची नाही. जाताना तुम्ही मला म्हणाला होतात, "गोट्या म्हातारा झालाय. पुढचं घ. ते नाव तू शोधायचंस. तुझं अक्षर." नऊ वर्षांची होते मी. तुम्ही मला तोवर काही दिलं नव्हतं असं नाही, दप्तर दिलंत, छत्री दिलीत, पण अक्षर! मी वर्षभर घ चे शब्द गोळा केले, वहीच्या मागच्या पानावर, घार, घागर, घोसाळं. त्या गणपतीत आपल्या अंगणात बाल्या नाचवाले नाचून गेले आणि सकाळी झाडताना मला त्यांच्या पायातलं एक घुंगरू सापडलं. एकच. मी ते मुठीत धरून तुमच्या कानात सांगितलं, घुंगरू. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मी पहिला नंबर आणलाय. म्हणालात, "वा! दे इकडे. दोरा ओवून आणतो, गळ्यात बांधू."

गोट्या थंडीत गेला. शिमग्याला तुम्ही येताना वाटेतूनच पिशवीत घालून पिल्लू घेऊन आलात. मी धावत गेले, हाक मारली, घुंगरू! तुम्ही पायातल्या वहाणा काढता काढता म्हणालात, "घ नको. घ चं काही चांगलं नसतं. घात, घाव, घाण, घोर. आपण च घेऊ. चिंगी." मी म्हटलं, "घर पण घ चंच की! घास पण! घंटा पण!" तेव्हा तुम्ही केवढ्यानं ओरडलात. "मास्तर मी की तू? वाद घालते! जा आत." आत आई घावन घालत होती. मी चुलीजवळ बसून धुराच्या नावावर रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी घुंगरू मागितलं तर म्हणालात, "प्रवासात पडलं कुठंतरी." मी विश्वास ठेवला. चव्वेचाळीस वर्षं ठेवला. अप्पा, मी माझ्या स्वतःच्या मुलांना सांगत आले, आपण घ गाळला कारण घ अपशकुनी असतो.

आता ऐका. गणपतीपुळ्याला येणाऱ्या लोकांना मी मागच्या दोन खोल्या देते, तुम्ही असताना जिथं भात साठवायचो त्याच. मंगळवारी एक बाई उतरली, ठाण्याची, माझ्याच वयाची, बरोबर नवरा. सकाळी पायरीवर चहा घेताना पिल्लू तिच्या पदराशी खेळायला लागलं. तिनं नाव विचारलं. मी म्हटलं, "झ वरून ठेवायचंय, आमच्याकडे ओळीनं असतात." ती खुदकन हसली. "अगंबाई! आमच्या केळशीला असेच एक मास्तर होते. आमच्याच माडीवर राहायचे. आमच्या कुत्र्याला त्यांनीच नाव दिलं. म्हणाले, ओळीत आता घ आहे, घुंगरू ठेवा. गळ्यात बांधायला घुंगरूही दिलं स्वतःच्या खिशातलं. एकच होतं, पण काय वाजायचं!" माझ्या हातात कपबशी होती. मी ती खाली ठेवली. मी विचारलं, "कधी?" ती म्हणाली, दिवाळीच्या सुमारास. म्हणजे गोट्या अजून जिवंत होता, अप्पा. म्हातारा गोट्या उंबऱ्यात पडून होता आणि तुम्ही त्याच्या मागचं अक्षर देऊन मोकळे झाला होतात.

ती बोलतच राहिली, तिचा काय दोष. मास्तर फार गमत्ये. शनिवारी दुपारपासून ओटीवर भेंड्या लावायचे, स्वतः गाणी म्हणायचे, आवाज चांगला होता. तिला सायकल तुम्ही शिकवलीत, मागं धावत. वाळूत पडली तर तुम्हीच जास्त हसलात. शनिवारी! आई इथं तुमचं पान झाकून बसायची ते शनिवार. आणि तुम्ही गाता? मी तुम्हाला आरतीतसुद्धा ओठ हलवताना पाहिलं नाही. मी बारीक चौकशी केली, लाज सोडून केली. तिचे आई-वडील दोघं घरातच होते, आजी होती, काही वावगं नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. बाईची भानगड असती तर मला भांडता आलं असतं, चार लोकांनी माझी बाजू घेतली असती. तुम्ही तिथं नुसते सुखात होतात, याची तक्रार मी कुणाकडे करू? केसानं गळा कापलात हो! पेशवाईत कुणीतरी ध चा मा केला म्हणून अजून सांगतात. तुम्ही घ चा च केलात आणि वर मलाच रागावलात. त्या दिवशी खरं सांगितलं असतंत, की बायो, तिथलं पिल्लू गोड होतं, माझ्या तोंडून नाव निघून गेलं, तर मी दोन दिवस रुसले असते आणि तिसऱ्या दिवशी दुसरं शोधलं असतं. मला नाव गेल्याचं एवढं नाही. माझं अक्षरच वाईट, असं तुम्ही मला सांगितलंत.

शेवटी ती म्हणाली, "ते मास्तर इथले, मालगुंडकडचेच म्हणे. त्यांच्या घरचं कुणी आहे का इथं? मला भेटायचं होतं. एक गोष्ट सांगायची होती." मी तिच्या डोळ्यात बघून म्हटलं, "नाही हो. इकडे मास्तर घरटी एक, आणि कुत्र्यांची नावंही बरेचजण ओळीनं ठेवतात." भिंतीवर तुमचा फोटो होता, आतल्या खोलीत. मी आतलं दार ओढून घेतलं. ती बुधवारी गेली. तिचा नंबर पाहुण्यांच्या वहीत आहे, हा कागद त्याच पानात घालून ठेवणार आहे. पिल्लाला मी झ चं नाव देत नाहीये. घ चंही नाही. मी त्याला नुसतं ये म्हणते, आणि ते येतं.

एक कबूल करते. ती काय सांगणार होती, ते मला ओळखता येतं. तुम्ही तिथं म्हणाला असाल, हे नाव माझ्या मुलीनं शोधलंय. तसं तिच्या तोंडून ऐकलं असतं तर मला तुम्हाला माफ करावं लागलं असतं, आणि मला ते इतक्यात करायचं नव्हतं.