डाव्या भुवईवरची पट्टी

प्रिय देवश्री,

तुझे अनारसे पोचले. डबा रिकामाच परत पाठवते आहे. आपल्यात रिकामा डबा पाठवत नाहीत, मला ठाऊक आहे. पण शाळेपासूनची मैत्रीण असून यावेळी तुझ्या डब्यात काही भरायला मन होईना.

अगं, मोतीबिंदू यांच्या डाव्या डोळ्यात. तुझ्या अनंतरावांनी ऑपरेशन केलं उजव्याचं. चांगला डोळा! त्यात पुढे पू झाला, आता सगळं धुरकट. पंडरी बाजारातल्या आमच्या कापडाच्या दुकानात अर्धं रायपूर ब्लाउजच्या मॅचिंगला यायचं ते यांच्या नजरेवर. काल यांनी मोरपंखी म्हणून गिऱ्हाइकापुढे पोपटी तागा उलगडला. बाई हसली, हेही हसले. मी आत जाऊन रडले.

आणि यांचा तरी राग कमी येतो का! सुई उजवीकडे टोचली तेव्हाच यांना कळलं होतं. बोलले नाहीत. काहून? तर एवढा मोठा डॉक्टर, त्यात आपला माणूस, मंडळाच्या गणपतीत एका पंगतीत बसणारा, त्याला आपण काय टोकायचं! एक टमाटर सडका निघाला तर भाजीवाल्याशी भांडणारा हा माणूस! मंडळातले लोक मलाच समजावून राहिले, वहिनी, घरातली गोष्ट घरात ठेवा. हव, ठेवते. डोळाही घरातलाच होता ना?

म्हणून वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, ऑपरेशन बिघडलं म्हणजे डॉक्टर दोषी, असं नसतं. नीट काळजी घेऊनही डावा डोळा गेला असता तर ते नशीब. काळजी घेणं त्यांचं काम होतं, ती घेतली नाही आणि नुकसान त्यातूनच झालं, एवढं दाखवावं लागतं. एरवी त्याला दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं, आणि डॉक्टर डॉक्टरविरुद्ध लिहून देत नाहीत. पण भलताच डोळा कापला तर मत कशाला हवं, ते उघडंच आहे.

तरीही हे तक्रारीवर सही करीनात. चूक माणसाकडूनच होते म्हणे. मग वकीलबाईंनी माझ्या सांगण्यावरून पाठवलेल्या नोटिशीला अनंतरावांचं उत्तर आलं. म्हणे, पेशंटनं स्वतः उजवा डोळा दाखवला, कोणता डोळा करायचा त्याची खूण कुठेच नव्हती. मी वाचून दाखवलं. यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, डोळा गेला ते सोसलं, पण मले खोटं पाडून राहिले. आण कागद.

देवश्री, आत नेण्याआधी सिस्टरनं यांच्या डाव्या भुवईवर खुणेची पट्टी लावली होती. ती सिस्टर आता तोंड उघडत नाही. पण बाहेर बाकावर माझ्या शेजारी तू चहा घेऊन बसली होतीस. भाऊजी, टिकली भुवईवर कशी गेली, म्हणून तूच यांना चिडवलंस. वकीलबाईंनी विचारलं, तिथे आणखी कोण होतं? आणि यांच्या नावानं बोटं मोडणारी मी, मीच गप्प बसले. तुझा संसार डोळ्यांपुढे आला.

उद्या पुन्हा जायचं आहे, आणि उद्या मी तुझं नाव सांगणार आहे. तुला ते दुसऱ्याकडून कळू नये म्हणून हे पत्र. खरं बोलायचं की नाही, ते तुझं तू बघ. आमच्या घरात एकानं भिडेपायी गप्प बसून डोळा घालवला, तेवढं पुरे झालं.

अजून तरी तुझीच,
मंदाकिनी