मुठीतली ओल

प्रिय खारूताई,

तू शहरात परत जाऊन पंधरा दिवस झाले. मातीत पुरलेल्या तुझ्या सगळ्या ओल मोजणाऱ्या कांड्या नीट चालू आहेत. फक्त तिसऱ्या वाफ्यातल्या खांबावर एक पक्षी रोज येऊन बसतो आणि तुझ्या पेटीवर नको ते करून जातो. तुझी आई ती पुसते आणि मोबाइलवर आकडे आले का बघते. काल शेजारणीला सांगत होती, "मुळाशी ओल कमी झाली की कांडी पेटीला बिनतारी कळवते. मग वाल्व आपोआप उघडतो, पुरे झालं की बंद." इतक्या ऐटीत, जणू यंत्र तिनेच जन्माला घातलंय. एका अर्थी घातलंच की.

पूर्वी भरलेलं शेततळं आठ दिवसांत तळ दाखवायचं. आज भरल्याचा अकरावा दिवस, अजून गुडघाभर पाणी आहे. विश्वास बसेना म्हणून मी दोनदा काठी घालून पाहिलं.

यंत्र बसवण्याआधी तू मातीचे चाळीस डबे माझ्यापुढे मांडलेस आणि म्हणालीस, "बाबा, मुठीत दाबून सांगा, कुठे पाणी हवंय." माझ्या मुठीचा मान तुला ठाऊक होता. लोक ढेकूळ घेऊन आपल्या बांधावर यायचे, मी दाबून सांगेन तसं पाणी सोडायचे. त्या दिवशी तू कांडी घालून ताडून पाहिलंस, तर माझे तेवीस डबे चुकले. तू फक्त वहीत लिहून घेतलंस. आईने विचारलं तेव्हा म्हणालीस, डबे उन्हात सुकले असतील. यंत्राचं कौतुक आहेच, पण माझी छाती खरी फुगली ती तेव्हा.

डबे सुकले नव्हते. दोन वर्षं झाली, माझी बोटं बधिर आहेत. नसा गेल्यात, असं डॉक्टर म्हणाले. ओली काय नि कोरडी काय, मला माती सारखीच लागते. तरी मी अंदाजाने सांगत राहिलो. गेल्या वर्षी टोमॅटोची मुळं कुजली तेव्हा बियाण्याला शिव्या घातल्या. पाणी मीच जास्त दिलं होतं. उद्या आजूबाजूचे शेतकरी यंत्र बघायला येताहेत. मूठ बरी की कांडी, हे ते मलाच विचारणार. मी त्यांना सगळं खरं सांगणार आहे, पण ते आधी तुला कळायला हवं. आणि हे यंत्र कोणी केलं, तेही सांगेन. कोणी विचारलं नाही तरी.

तुझाच,
बाबा