हुसेनबीचा गुडघा, माझा गुडघा

१४ नोव्हेंबर १९८३, सोमवार
आजपासून रोजनिशी. रिटायर माणसाला डिसिप्लिन पाहिजे. सकाळी उठताना उजवा गुडघा करकरला. माझ्या मते गुडघ्याला सराव हवाय. पौडच्या हायस्कुलात मी आयुष्यभर पी.टी. शिकवलं, मला गुडघा कोणी शिकवू नये. उद्यापासून बैठका.

हुसेनबीचेही गुडघे दुखतात. ती तसं म्हणत नाही, पण उठताना भिंतीला हात लावते. बायकांना सवय असते.

१५ नोव्हेंबर
बैठका झाल्या नाहीत. हवेत गारवा फार. गार स्नायूवर जोर देऊ नये हा नियम मीच मुलांना सांगत असे.

२७ नोव्हेंबर, रविवार
पुण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई गावात आल्या होत्या. गुडघ्याची झीज झालेले पुरुष आणि बायका, दोघांचे स्नायू कसे वेगवेगळे चालतात, ते त्या तपासतायत. नवरा-बायको दोघांना त्रास असेल तर फार बरं, म्हणाल्या. मी लगेच नाव दिलं. सायन्सला चांगला नमुना मिळाला पाहिजे. हुसेनबीचंही दिलं. तुलनेला कोणीतरी लागतंच.

तिला म्हटलं, मांडीला तारा लावतात, पडद्याआड, बाईच लावते, लाजायचं काही नाही. ती म्हणाली, "मी कुटं लाजतीया. कदी जायचं?" भात झोडायचं पडलं होतं म्हणून असेल.

६ डिसेंबर
पुण्याला जाऊन आलो. आधी एक्स-रे. मग मांडीला पुढून-मागून चकत्या चिकटवल्या, त्यांच्या तारा मशीनला. मशीनचं पेन कागदावर रेघा काढतं. उभं राहायचं, चालायचं, दोन पायऱ्या चढायच्या.

माझ्या रेघा शांत. सरळ, टापटीप. हुसेनबीचा कागद बघवत नव्हता. नुसती उभी असतानासुद्धा पेन थरथरत होतं, पुढच्या स्नायूचं आणि मागच्या स्नायूचं एकाच वेळी. बाईंना म्हटलं, हाच फरक. पुरुषाचा स्नायू हुकमात असतो, बाईचा विनाकारण बडबडतो.  बाई लिहून घेत होत्या. मुद्दा पटला असावा.

रिझल्ट फेब्रुवारीत. तोवर हुसेनबीनं उकिडवं बसायचं नाही, चूल उंच करायची, आणि खालच्या विहिरीवरून पाणी आणायचं नाही. आमचं घर टेकाडावर. पाणी मी आणीन असं बाईंसमोर मीच सांगितलं. मला म्हणाल्या, भरपूर चाला.

९ डिसेंबर
कोंडाजी सुताराकडून खुर्ची करून आणली. हुसेनबीनं बसून स्वयंपाक करावा म्हणून. पण चूल खाली आणि खुर्ची वर, जमेना. चूल उंच करायला गवंडी पाहिजे. तोपर्यंत खुर्ची अंगणात ठेवली आहे. ऊन छान येतं. बसून बरं वाटतं.

पाणी सोमवारपासून.

२० डिसेंबर
विहिरीवर गेलो होतो. तिथं सगळ्या बाया. त्यांच्यात मी हंडा घेऊन उभा राहिलो तर मीच दिसणार. शेजारच्या सगुणाबाईनं विचारलं, "मास्तर, हुसेनबी आजारी हाय का?" नाही म्हटलं. मग हंडा कशाला घेतलाय, म्हणाली. मोकळाच परत आलो. हुसेनबी उठली. हंडा घेतला आणि गेली.

तशी ती दणकट आहे. चढावर मध्ये थांबते, तेवढंच. लावणीच्या दिवसांत सबंध दिवस चिखलात वाकून असायची. त्या कामानं पाय तयार होतात. मैदानावर मी फक्त शिट्टी वाजवायचो, असं ती एकदा म्हणाली होती. तिला शिस्त आणि व्यायाम यातला संबंध कळत नाही.

१२ जानेवारी १९८४
हायस्कुलातून बोलावणं. सव्वीस जानेवारीला मुलांना व्यायामाबद्दल दोन शब्द. दोन शब्दांनी काय होतं? प्रात्यक्षिक देणार. या वयात माणूस कशा बैठका काढतो ते मुलांना दिसलं पाहिजे. उद्यापासून सराव.

२५ जानेवारी
सराव झाला नाही. स्नायूंना आठवण असते, ती ऐन वेळी येते.

२६ जानेवारी
झेंडावंदन. भाषण चांगलं झालं. मग प्रात्यक्षिक.

पहिल्या बैठकीला खाली गेलो. वर येता येईना. मुलांना वाटलं हाही प्रोग्रॅमचाच भाग आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तर पुढे आले, पण त्यांनी चुकीच्या बाजूनं धरलं. बायांच्या घोळक्यातून हुसेनबी आली. खाली बसली, माझा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि मला उचललं. सगळ्या शाळेसमोर. म्हणाली, "चला घरी."

  मैदान उंचसखल होतं.

२७ जानेवारी
हुसेनबीचा गुडघा सुजून तांब्याएवढा झालाय. पाय टेकवत नाही. मी सांगितलं की वजन उचलताना पाठ ताठ पाहिजे, तिची पद्धत चुकली. तिनं तोंड भिंतीकडे केलं.

भाकरी सगुणाबाईनं आणून दिली. मला देताना ताट जरा आपटलं.

३० जानेवारी
मुलगी नूरजहाँ आणि जावई रफीक भरे गावाहून जीप घेऊन आले. रफीक पिरंगुटच्या कारखान्यात आहे. घर सपाटीला, दारात नळ. अम्मीला चार दिवस नेतो म्हणाले. हुसेनबीचं बोचकं आधीच बांधलेलं होतं. चार दिवसांना एवढं बोचकं लागत नाही, पण बायका जास्तच घेतात.

नूरजहाँ जाताना म्हणाली, "अब्बा, तुमी तिला कदी इच्यारलं का, कुटं दुखतंय म्हणून?" मी म्हटलं, विचारायचं कशाला, मला माहीत होतं. ती जीपमध्ये जाऊन बसली. तिला ते उत्तर बरोबर वाटलं नसावं.

९ फेब्रुवारी
रिझल्ट. पुण्याच्या दवाखान्यात भऱ्याहून हुसेनबी आणि नूरजहाँ परस्पर आल्या होत्या. हुसेनबी काठी घेऊन, हळूहळू.

बाईंनी दोन्ही एक्स-रे दिव्यावर लावले. माझ्या हाडांतली फट जवळजवळ शाबूत. हुसेनबीच्या गुडघ्यात फटच नाही, हाडावर हाड. बाई म्हणाल्या, गुडघा ढळू नये म्हणून यांचे पुढचे आणि मागचे स्नायू कायम एकमेकांना ओढून धरतात, साधं उभं असतानाही. झीज असलेल्या बायकांत हे पुरुषांपेक्षा जास्त दिसतंय. का, ते अजून सांगता येत नाही. पण अशानं माणूस थकून जातं, नुसतं उभं राहून.

माझ्या शांत रेघांचं विचारलं. म्हणाल्या, "मास्तर, तुमची मांडी वापरात नाही, कमजोर झालीय. गुडघ्याला तसं फार काही झालेलं नाही."

मशीन एकदा तपासून घ्यायला हवं. बाईंना सांगणार होतो, पण त्या हुसेनबीला विचारत होत्या, किती वर्षं दुखतंय. हुसेनबी म्हणाली, "नूरजहाँच्या टायमाला सुरू झालं." नूरजहाँ रडायला लागली. तिला आता स्वतःची पोरं आहेत.

मी बाहेर बाकावर बसलो. आतल्या गोष्टी बायकांच्या.

१२ फेब्रुवारी, रविवार
भऱ्याला गेलो. हुसेनबी पलंगावर बसून पाय सरळ करत होती, धरत होती, सोडत होती. बाईंनी शिकवलेला व्यायाम. मी म्हटलं, पंजा वर पाहिजे. तिनं पाय खाली घेतला.

घरी कधी येतेस विचारलं. म्हणाली, "तितं चढ हाय." चढ तर पहिल्यापासून आहे, मी म्हटलं. म्हणाली, "व्हय."

बराच वेळ बसलो. पूर्वी माझा चहा तिच्या ध्यानात असे. आज नूरजहाँनं केला. गोड जास्त.

निघताना हुसेनबी काठी टेकत दारापर्यंत आली. म्हटलं, सूज उतरली की न्यायला येतो. ती म्हणाली, "तुमी येत जा." येत जा म्हणाली, म्हणजे राग नाही. फक्त 'न्यायला' हा शब्द तिनं वापरला नाही, ते बोलण्याच्या ओघात झालं.

घरासमोरच्या रस्त्यावर एस.टी. आली. पायरी उंच होती, कंडक्टरनं हात दिला. खिडकीतून वळून बघितलं. हुसेनबी आत गेली होती. मी जाताना तिला बघवलं नसेल. मन हळवं असतं बायकांचं.

दार लावून घेतलेलं होतं.