गाडीचं ॲव्हरेज आणि माझी चौकशी

अहो पेट्रोलतज्ज्ञ,

किल्ली या चिठ्ठीखालीच आहे. मी ऑफिसला बसने गेले. तुम्हाला आज सुट्टी आहे.

रविवारी रिकाम्या हायवेवर, एसी बंद करून, घामाघूम होत तुम्ही लिटरला बावीस काढलंत. अभिनंदन. तीच गाडी माझ्या हातात अकरा देते, म्हणून काल जेवताना सगळ्यांदेखत विचारलंत, "तू नक्की जातेस तरी कुठे?"

आज तुम्हीच जाऊन बघा. आधी औषधांचं दुकान, मग आईंना गुडघ्याच्या व्यायामाला न्यायचं, मग लेकीचा क्लास. सगळं इतकं जवळ, की इंजिन गरम व्हायच्या आत बंद करावं लागतं. थंड इंजिन पेट्रोल ढोसतं, हे गाडीच्या जाहिरातीतला तो हसरा माणूस सांगत नाही.

आणि आईंना गाडीत बसायला बराच वेळ लागतो. हात द्या, घाई करू नका. एसी आधीपासून चालू ठेवा, उकाड्याने त्यांना चक्कर येते. तेवढा वेळ गाडी जागच्या जागी पेट्रोल पीत उभी असते.

हे कालच तोंडावर सांगितलं असतं. पण आई समोरच जेवत होत्या.